वहीत नाव कोणाचे?

ईयोबाच्या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात खाणीच्या कामाचे मोठे भव्य वर्णन आहे. मनुष्य काळोखात दिवा घेऊन उतरतो, पर्वत मुळापासून उलथतो, जेथे पक्ष्याची दृष्टी पोहोचत नाही तेथे वाट पाडतो आणि सोनेरुपे वर काढतो. इतके करूनही त्यास शहाणपण मात्र कोणत्याही खाणीत सापडत नाही. ते परमेश्वराच्या भयातच आहे, असा त्या अध्यायाचा शेवट आहे. आम्ही हा भाग कितीतरी वेळा वाचला व मंडळीपुढे समजावूनही सांगितला. पण खाणीतून निघालेला दगड डोक्यावरून वाहणारी, तो फोडणारी, धुणारी, निवडणारी जी स्त्री, तिचा विचार आमच्या मनास कधी शिवला नाही. तो शिवावयास एक मरण घडावे लागले.

गावाच्या शिवारालगत एक लहानशी खडीची खाण होती. तेथे यंत्रे थोडी व हात पुष्कळ. आमच्या मंडळीतील एक जोडपे सुगी आटोपली की तेथे कामास जाई. सुरुंग उडाल्यावर नवरा पहारेने डबर मोकळे करी व घणाने मोठे धोंडे फोडी; बायको हातोडीने त्याची खडी करी, घमेल्याने ती वाही व गाडी भरू लागे. मजुरी ब्रासावर असे. म्हणजे शंभर घनफूट माल भरला की ठरलेले इतके रुपये. बाजारच्या दिवशी मुकादम वही उघडी, नवऱ्याचे नाव पुकारी व दोघांच्या श्रमाची मजुरी एकाच्या हातावर ठेवी. बाईचे नाव वहीत नव्हते. कोणी विचारलेच तर मुकादम म्हणे, "ती त्याच्या हाताखाली आहे." अशी अकरा वर्षे गेली. मग दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून जो सिलिकोसिस नावाचा रोग होतो, तो नवऱ्यास जडला. या रोगाने कठीण झालेले फुप्फुस पुन्हा पूर्ववत करील असे औषध नाही. तो भाऊ प्रभूमध्ये निजला.

काही दिवसांनी ती विधवा बहीण मागील मजुरीचा हिशेब मागावयास खाणीवर गेली. मुकादम म्हणाला, "तुझे नाव वहीत नाही, तुझा हिशेब कसला?" पण लगेच त्याने वहीचे दुसरे पान उलटले आणि नवऱ्याने घेतलेली उचल अद्याप फिटावयाची आहे, ती तुलाच फेडावी लागेल, असे तिला बजावले. ती तशीच आमच्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, घ्यायच्या वेळी मी कोणी नाही, अन् द्यायच्या वेळी मात्र मी त्यांची बायको. हा कुठला न्याय?"

आम्ही त्या दिवशी तिच्यासाठी प्रार्थना केली. मुकादमाची समजूत घालून उचलीची रक्कमही काहीशी कमी करून घेतली. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते. प्रिय वाचकहो, तो प्रश्न मनात बाळगून आम्ही पुढे जे वाचले व ज्यावर विचार केला, ते आज आपणांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही गोष्ट एका गावची नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या खाणी सोडून, पहार, कुदळ, टोपली व लहानसहान यंत्रे यांच्या बळावर जमिनीतून सोने, रत्ने, अभ्रक, दगड, वाळू काढून पोट भरणारी माणसे जगात ४ कोटींहून अधिक आहेत, असा जागतिक बँकेसारख्या संस्थांचा अंदाज आहे. त्यांपैकी शेकडा ३० च्या आसपास स्त्रिया असाव्यात. आफ्रिकेतील काही देशांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. घाना, बुर्किना फासो, काँगो, तान्झानिया अशा देशांत पुरुष विवरात उतरून माती खणतात. ती वर वाहणे, कुटणे, पाण्यात धुऊन कण निवडणे हे काम बहुतेक बायकांचे. खणणाऱ्यास पुष्कळ ठिकाणी मिळालेल्या सोन्यात वाटा असतो. धुणारीस रोज मिळतो, किंवा धुऊन उरलेली वाळू पुन्हा चाळून जे हाती येईल ते. सोन्याच्या कणांस पारा धरतो. तो गोळा विस्तवावर तापविला म्हणजे पारा वाफ होऊन उडतो व सोने मागे राहते. हे काम कित्येकदा घरातल्या चुलीवर होते, आणि तो विषारी धूर पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेवरून ज्यास नाव पडले, तो आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला व २०१७ साली अमलात आला. त्यात गरोदर स्त्रियांस या धुरापासून जपण्याविषयी स्पष्ट सांगितले आहे. परंतु ज्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नाही, तिला जपावयाचे कोणी व कसे?

त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी अशी समजूत आहे की बाई, विशेषेकरून विटाळशी बाई, विवराजवळ आली तर सोने रुसते व खोल जाते. वाचकहो, हे ऐकून हसू नका. खळ्यावर रास लागली असता बाईला दूर बसविणारी गावे आपणही पाहिली आहेत. आपण ख्रिस्ती झालो तेव्हा तो विटाळ टाकला, असे आपण म्हणतो. पण विचार करा: विवरात उतरण्यास बाई अपवित्र, आणि त्याच विवरातली माती डोक्यावर वाहण्यास मात्र पवित्र, अशी जी सोयीची भीती आहे ती धर्माची नव्हे, वाट्याची आहे. जो आत गेला त्याचा वाटा. जी बाहेर राहिली तिचा रोज. समजुतीचे मूळ शोधू गेले तर पुष्कळदा ते पैशाच्या पिशवीपाशी सापडते.

आपल्या देशातही असेच आहे. झारखंडात कोडरमा व गिरिडीह या जिल्ह्यांत बायका व मुले जुन्या अभ्रकाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्यास तिकडे ढिबरा म्हणतात. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तेथील पुष्कळ खाणी बंद पडल्या, पण वेचणे चालू राहिले. बाई दिवसभर वेचते व व्यापारी किलोवर भाव देतो. काम परवान्याचे नाही म्हणून भावाची तक्रार कोणाकडे करता येत नाही. ते अभ्रक पुढे रंगांत व चेहऱ्यास लावण्याच्या चकचकीत पुडींत जाते. एका बहिणीच्या गालावरची चमक दुसऱ्या बहिणीने उन्हात वेचलेली असते, आणि दोघींस एकमेकींची खबर नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या कामावाचून गाडी भरत नाही, त्या कामास 'हाताखालचे काम' किंवा 'मदत' असे का म्हणतात? मदत या शब्दात एक गुप्त हिशेब आहे. मदतीस मजुरी नसते. तिचे उपकार मानले म्हणजे पुरे. नवरा फोडतो ते काम, बायको फोडते ती मदत. धोंडा एकच, हातोडा एकच, घामही एकच. फरक केवळ नावाचा. म्हणून आमचे मत असे झाले आहे की समता ही मजुरीच्या दरापाशी सुरू होत नाही. ती त्याच्याही आधी, माणूस मोजण्यापाशी सुरू होते. आपल्या देशात समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला व तेच तत्त्व पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत घेतले गेले. पण जिची गणतीच झाली नाही तिच्या मजुरीची तुलना कोणाशी करावयाची? शून्यास कोणताही दर लावला तरी शून्यच येते.

येथे आमचे काही वडीलधारे बंधू म्हणतील, "पवित्र शास्त्रात नवराबायको एकदेह आहेत असे सांगितले आहे. मग एका देहास दोन नावे व दोन मजुऱ्या कशाला? अशाने घर फुटेल." ही शंका प्रामाणिक आहे व तिला उत्तर दिले पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांचा ५ वा अध्याय काढून पाहा. हनन्या व सप्पीरा हे नवराबायको होते. त्यांनी जमीन विकली व किमतीविषयी लबाडी केली. पेत्राने हनन्यास विचारले, तो पडला. पुढे सुमारे तीन तासांनी सप्पीरा आली. तेव्हा पेत्राने, तुझ्या नवऱ्याने उत्तर दिलेच आहे, तू त्याच्यात आलीस, असे म्हटले नाही. त्याने तिला किंमत निराळी विचारली, आणि तिच्या उत्तराबद्दल तिलाच जबाबदार धरले. देवासमोर बायको नवऱ्याच्या नावामागे लपू शकत नाही. तर मग जी पापाच्या हिशेबात स्वतंत्र मोजली जाते, ती श्रमाच्या हिशेबात नवऱ्याच्या नावाखाली कशी पुरली जावी? त्या मुकादमाने कर्जापुरते तिला स्वतंत्र धरले व मजुरीपुरते धरले नाही. देवाच्या घरी असे दोन मापांचे तराजू चालत नाहीत; नीतिसूत्रांत त्यांस अमंगळ म्हटले आहे.

आणखी एक दाखला पाहावा. गणनेच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची हकीकत आहे. बाप रानात मेला, मुलगा नव्हता, आणि वतनाच्या वाटणीत त्याचे नाव गळणार होते. त्या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार व सर्व मंडळी यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाच्या भाऊबंदांमध्ये आपला वाटा मागितला. मोशेने त्यांस हाकून दिले नाही, किंवा वडिलांच्या चालीचा दाखलाही दिला नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने त्या मुलींचे म्हणणे योग्य ठरविले आणि इस्राएलासाठी तसा नियमच घालून दिला. वाचकहो, त्या पाचही मुलींची नावे शास्त्रात लिहिलेली आहेत. देवाच्या वहीत त्यांची नावे आहेत. आपल्याच काळातले उदाहरण पाहावयाचे तर तान्झानियात खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांनी १९९७ साली आपला संघ स्थापिला. त्या दारोदार दया मागत नव्हत्या. खाणीच्या कामात आपलीही गणना व्हावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

दुसरी शंका याहून सौम्य असते. "स्त्री नाजूक आहे; तिला खाणीपासून दूर ठेवणे हीच तिच्यावरील खरी दया नव्हे काय?" या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. इंग्लंडात १८४२ साली कायद्याने स्त्रियांस व लहान मुलांस भुयारी खाणीत उतरविण्याची बंदी झाली. त्या काळचे हाल वाचले असता ही बंदी दयेची होती हे मान्य करावे लागते. हिंदुस्थानातही १९२९ पासून कोळशाच्या भुयारांतून स्त्रियांस हळूहळू काढण्याचे ठरले व १९३७ साली ही मनाई पूर्ण झाली. तोपर्यंत बंगाल-बिहारच्या कोळसाखाणींत नवरा कोळसा तोडी व बायको तो गाडीत भरी; त्या बायकांस तेथे कामिन म्हणत. मनाई झाली, पण नवऱ्याची मजुरी त्यामुळे दुप्पट झाली नाही. बाई काळोखातून वर आली. घरची भूक मात्र होती तेथेच राहिली.

पुढे १९४३ साली लढाईच्या दिवसांत पुरुष मजूर लष्करी कामांकडे गेले, कोळसा कमी पडू लागला, आणि सरकारने तीच मनाई उठविली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयी कडक टीका झाली, तेव्हा त्यांनी हा तात्पुरता उपाय असल्याचे सांगितले. आणि स्त्रीस पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व येथे मान्य झाले आहे, याकडे सभागृहाचे लक्ष वेधले. १९४६ साली मनाई पुन्हा लागू झाली. १९५२ च्या खाणकायद्याने ती कायम ठेवली. २०१९ साली ती काही प्रमाणात सैल झाली. आणि २०२० ची जी कामगार-सुरक्षेची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, तिने स्त्रियांस त्यांच्या संमतीने सर्व प्रकारच्या कामांची मुभा दिली.

या साऱ्या हकीकतीतून आम्ही काय घ्यावे? जी बाई १९३७ साली नाजूक ठरली, ती १९४३ साली नाजूक राहिली नाही. कारण कोळसा हवा होता. दार कधी लावले, कधी उघडले. परंतु बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्या गरजेने. आणि उघड्या खाणीवर खडी फोडणाऱ्या आमच्या बहिणीस या दाराचा कधी स्पर्शही झाला नाही. ती भुयारात नव्हतीच. ती उन्हात, धुळीत व सुरुंगाच्या टप्प्यात होती, आणि तिला नाजूक म्हणून कोणी घरी बसविले नव्हते.

यास्तव 'बाईने खाणीत जावे की न जावे' हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. खरा प्रश्न असा: ही खाण कोणाही मनुष्याने जाण्याजोगी आहे काय? जी धूळ बाईच्या फुप्फुसास वाईट, ती पुरुषाच्या फुप्फुसासही वाईट. आमचा तो भाऊ पुरुष होता. त्याच्या पुरुषपणाने त्यास वाचविले नाही. दगडावर पाणी मारून धूळ बसविणे, नाकातोंडावर योग्य आच्छादन देणे, सुरुंगाची वेळ बांधून देणे, या गोष्टी केल्या तर दोघेही जगतील. दया करावयाची तर ती कामास सुधारून करावी. बाईस घालवून देऊन मग तिच्या उपाशी घरास दया म्हणू नये.

मात्र समता म्हणजे सर्व बाबतींत सारखेपणा, असेही आम्ही म्हणत नाही. बाळंतपण पुरुषास नाही. ज्या बाईच्या पोटात मूल आहे तिला विसावा, ज्या बाईच्या पदराशी तान्हे आहे तिला पाळणाघर, हे देणे न्यायाचे आहे. त्यात पक्षपात नाही. खाणीतल्या स्त्रियांसाठी प्रसूतिकाळच्या साहाय्याचा कायदा आपल्या देशात १९४१ सालीच झाला होता. पण पुन्हा तेथेच येऊन ठेच लागते. कायद्याचा हात वहीतल्या नावापर्यंत पोहोचतो, आणि नाव नाही तर बाळंतीण दहाव्या दिवशी घमेले उचलते व तिचे तान्हे खडीच्या ढिगाच्या सावलीत निजते.

कोणी असेही समजू नये की बाईचे नाव लिहिल्याने नवऱ्याचे नुकसान होते. जोपर्यंत दोन माणसांच्या श्रमाची किंमत एका नावावर चुकती होते, तोपर्यंत मालकास एका दरात दोघे मिळतात, आणि त्या एका माणसाची मजुरीही वाढत नाही. बायको फुकट राबते म्हणून नवरा स्वस्त होतो. घर फुटण्याची भीती ज्यास वाटते त्याने हेही पाहावे, की दोघांची कमाई एकाच्या खिशात गेल्यावर बाजारच्या दिवशी ती गुत्त्याच्या वाटेने किती घरांतून गेली आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. कारण न्यायनिवाड्याचा आरंभ देवाच्या घरापासून व्हावा असे पेत्राने लिहिले आहे. आमच्या मंडळीची नोंदवही आम्ही त्या विधवेच्या प्रश्नानंतर उघडून पाहिली. तीत त्या घराची नोंद अशी होती: भावाचे पूर्ण नाव, आणि पुढे 'पत्नी व दोन मुले'. अकरा वर्षे मुकादमाने जे केले तेच आम्ही आमच्या शाईने केले होते. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिचे नाव घेऊनच झाला होता; देवाने तिला नावाने हाक मारली होती, आणि आम्ही ते नाव गाळले होते. मुकादमास बोल लावण्यापूर्वी आम्हांस लाज वाटली, आणि त्याच दिवशी ती नोंद दुरुस्त केली.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की त्यांनी आपल्या गावी पुढील गोष्टी कराव्यात. मंडळीच्या वहीत प्रत्येक बहिणीचे स्वतंत्र नाव लिहावे. जी जोडपी खाणीवर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या तोडीवर जातात त्यांस निघण्यापूर्वी एक लहान वही द्यावी. तीत नवऱ्याचे दिवस व बायकोचे दिवस, भरलेला माल व घेतलेली उचल ही निरनिराळी मांडावी, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून ती लिहवून घ्यावी. असंघटित मजुरांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत प्रत्येक मजुरास स्वतःचा क्रमांक मिळतो. तो नवऱ्याप्रमाणे बायकोसही मिळवून द्यावा, आणि बँकेतील खाते तिच्या नावाने उघडावे. महाराष्ट्र सरकारने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचे ठरविले आहे. सरकारी कागद जे शिकला ते मंडळीने शिकण्यास उशीर लावू नये. ही कामे लहान आहेत. परंतु मुकादमापुढे दोन वह्या समोरासमोर ठेवल्या म्हणजे त्याची जीभ अडखळते, हे आम्ही पाहिले आहे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धन्याने संध्याकाळी आपल्या कारभाऱ्यास मजुरांना बोलावून मजुरी देण्यास सांगितले, आणि प्रत्येकाच्या हातावर ती पडली. कोणाचीही मजुरी दुसऱ्याच्या हाती गेली नाही. आपल्या प्रभूने स्वर्गाच्या राज्याचे चित्र काढताना हा तपशील उगाच घातला असेल असे आम्हांस वाटत नाही.

ती बहीण आता दुसऱ्या खाणीवर जाते. वही तिच्या ओटीत असते. तिची धाकटी मुलगी ती लिहिते. गेल्या उपासनेच्या वेळी दानाची नोंद करताना आम्ही तिचे नाव मोठ्याने वाचले, तेव्हा तिने मान वर करून पाहिले. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्हांस फार दिवस लागले, याबद्दल आम्ही तिची व प्रभूची क्षमा मागतो. ज्याच्या जीवनाच्या पुस्तकात प्रत्येकाचे नाव निराळे लिहिले जाते, तो आपणां सर्वांस खरी वही लिहिण्याची बुद्धी देवो. आमेन.